गठ्ठ्यांची वाटणी

(पहाट. मोखाडा एसटी स्थानक. फलाटावर एकच ट्यूबलाइट. बाकावर एक वयस्कर गृहस्थ.)

मोखाड्याच्या स्थानकात अजून नीट उजाडलेलं नाही. बाबांच्या मांडीवरची पिवळी पिशवी पाहा. दोन गाठी मारल्यात. आत वनहक्काच्या दाव्याच्या झेरॉक्स, तहसीलची एक पावती, आधार कार्ड आणि कागदात गुंडाळलेली भाकरी. कुठं निघालात, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं, ‘जिल्ह्याला.’

इकडे असंच म्हणतात. तालुक्याला जायचं, जिल्ह्याला जायचं. गावाचं नाव घ्यावं लागत नाही. जुलै २०१४ पर्यंत जिल्ह्याला जायचं म्हणजे ठाण्याला जायचं. १ ऑगस्टपासून त्याच शब्दाचा अर्थ पालघर झाला.

(गाडी सुटते. खिडकीतून जव्हारचा घाट, धुकं.)

त्या दिवशी पालघर महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. १ मे १९६० ला राज्य आलं तेव्हा जिल्हे होते २६. पुढे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया. मग पंधरा वर्षं काही नाही. आणि तेव्हा ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, १ कोटी १० लाख ६० हजार. देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. एका टोकाला मुंब्रा-कळव्याच्या चाळी, दुसऱ्या टोकाला हा घाट, आणि दोन्हींचा जिल्हाधिकारी एकच.

ठाण्याला वाटणी तशी नवी नाही. १८६९ मध्ये कुलाबा वेगळा झाला, १९२० मध्ये मुंबई उपनगर पहिल्यांदा तोडून दिलं. पण त्या वाटण्या पाहणारं आज कोणी नाही. २०१४ ची पाहिलेले आहेत. त्यातले एक आपल्याला आत घेऊन जाणार आहेत.

(लोखंडी दार. कुलूप. आत रॅकच्या ओळी, छताला टेकलेल्या. पिवळा उजेड.)

हा अभिलेख कक्ष. कुठल्या कार्यालयाचा ते सांगायचं नाही, या अटीवर चित्रीकरणाची परवानगी मिळाली. सोबत आहेत एक निवृत्त अव्वल कारकून, त्यांना काका म्हणू. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी अशाच खोल्यांत काढली. आत शिरल्या शिरल्या त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नाकाला रुमाल लावला, आणि दुसरी म्हणजे एका गठ्ठ्याची गाठ सैल झाली होती ती घट्ट बांधली. कोणी सांगितलं नव्हतं.

(गठ्ठा जवळून. लाल कापड, धुवून धुवून गुलाबी पडलेलं. गाठीखाली खोचलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.)

चिठ्ठीवर तालुका, गाव, विषय, वर्ष. आणि कोपऱ्यात एक अक्षर: ‘ब’. या एका अक्षरावर कागदाचं आयुष्य ठरतं. ‘अ’ म्हणजे कायम जतन. ‘ब’ म्हणजे तीस वर्षं. ‘क-१’ दहा, ‘क’ पाच. ‘ड’ म्हणजे वर्षभरात रद्दी. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी अख्खं कार्यालय असं लावून घेतलं, की राज्यभरचे कारकून आजही ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ते नाव घेतात. आमचे काकाही घेतात. जरा जास्तच आदरानं घेतात, पण ते या खोलीत चालून जातं.

आता मुद्द्याचं. जिल्हा तोडायचा म्हणजे काय तोडायचं?

कागदावर ते सोपं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम ४. सरकारनं आधी प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, मग अंतिम अधिसूचना. जुना जिल्हा अमुक तालुक्यांचा, नवा जिल्हा तमुक तालुक्यांचा. पालघरकडे आठ तालुके आले: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड. ठाण्याकडे उरले सात. राजपत्रात हे सगळं काही ओळींत बसतं.

मग त्या ओळी या खोलीत येतात.

(काकांचे हात. चिठ्ठ्या वाचत एकेक गठ्ठा उजवीकडे, डावीकडे.)

तालुक्याचा कागद तालुक्यातच असतो. सातबारा, फेरफार, आठ-अ या जमिनीच्या नोंदींना जिल्हा बदलला तरी जागचं हलावं लागत नाही. हलतो तो जिल्ह्याचा कागद. अपिलं, भूसंपादनाचे निवाडे, आदिवासींच्या जमिनी परत देण्याची प्रकरणं, वनहक्काचे दावे. वनहक्क कायद्यात तेव्हा शेवटचा शब्द जिल्हास्तरीय समितीचा होता, आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे जिल्हाधिकारी दोन झाले की समित्याही दोन, आणि दाव्यांचे ढीगही दोन.

काका सांगतात, गावावार लावलेला गठ्ठा असेल तर काम हमालाचं. उचलायचा आणि ठेवायचा. पण जिथं गठ्ठा विषयवार किंवा वर्षवार बांधलेला असतो तिथं तो सोडावाच लागतो. एकाच रुमालात, म्हणजे गठ्ठ्याच्या कापडात, शहापूरचा निवाडा, त्याखाली वाड्याचा, त्याखाली पुन्हा मुरबाडचा. प्रत्येक नस्ती, म्हणजे फाइल, बाहेर काढायची, पानं मोजायची, पृष्ठ क्रमांक घालायचे, यादी करायची, यादीच्या तीन प्रती, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. याला चार्ज देणं म्हणतात. आणि ज्या नस्तीत दोन्ही जिल्ह्यांची गावं? एकच रस्ता, एकच जलवाहिनी, एकच निवाडा, अर्धी गावं इकडची, अर्धी तिकडची?

(काका हसतात. मान हलवतात.)

‘मूळ ज्याच्याकडे जास्त गावं त्याच्याकडे, दुसऱ्याला साक्षांकित प्रत,’ ते म्हणतात. आणि मग थोडं थांबून: ‘पण मूळ प्रत कोणी सहजासहजी सोडत नाही हो. भावाभावांच्या वाटणीत तांब्या-पितळ्यावरून होतं ना, तसं.’

ही वाटणी चालली तेव्हा तिथं कॅमेरा नव्हता. आमच्याकडे आहेत ते काकांचे हात. तीच गाठ ते पुन्हा सोडून दाखवतात, पुन्हा बांधतात. ही गाठ एका ओढीत सुटली पाहिजे आणि आपोआप कधी सुटता कामा नये. नव्या मुलांना ती येत नाही, त्यांना स्कॅनिंग येतं. काकांची त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे तसं ते म्हणतात.

(टेबलावर पसरलेली जुनी ज्येष्ठता यादी. पेन्सिलच्या खुणा.)

कागदानंतर माणसं. लिपिकांची आस्थापना जिल्ह्याची असते, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचीही. जिल्हा दुभंगला की सेवाज्येष्ठतेची यादीही दुभंगते. म्हणून आधी विकल्प मागवतात. तुम्हाला कुठं राहायचंय? घर कल्याणला, मुलं डोंबिवलीच्या शाळेत, तर माणूस काय लिहिणार? आणि सगळ्यांनी तेच लिहिलं तर तलासरी कोण सांभाळणार? मग ज्येष्ठता बघतात, रिक्त पदं बघतात आणि विनंती नाकारल्याचा कागद निघतो. शिवाय नव्या जिल्ह्यात यादी छोटी. काल दोनशेवा असलेला माणूस आज साठावा होतो, पदोन्नती जवळ येते. कोणाचं उलटं होतं. या यादीवरच्या पेन्सिलच्या खुणा म्हणजे कोणाची तरी दहा वर्षं पुढे-मागे होणं आहे.

(जव्हार बाजारपेठ. उभ्या दुचाकींच्या नंबरप्लेट, एकामागून एक.)

गाडी जव्हारला थांबली तेवढ्यात हे टिपलं. एमएच ०४. एमएच ४८. पुन्हा ०४. शून्य-चार ठाण्याची, अठ्ठेचाळीस वसईच्या परिवहन कार्यालयाची. महसूल खात्याचा नकाशा बदलला म्हणून बाकी खात्यांचे नकाशे त्याच रात्री बदलत नाहीत. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक दोन्ही जिल्ह्यांची एकच राहिली. आदिवासी विकास विभागाचं चित्र वेगळंच: प्रकल्प कार्यालय जव्हारला आणि डहाणूला, त्यावर अपर आयुक्त ठाण्याला, त्यावर आयुक्त नाशिकला. आणि पोलीस? २०१४ मध्ये पालघरला नवा पोलीस अधीक्षक मिळाला. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं, आणि वसई तालुका त्यात गेला. म्हणजे वसईकर जमिनीसाठी पालघर जिल्ह्याचा, पण त्याच्या पोलीस आयुक्तांचं मुख्यालय ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला. लोकसंख्या पाहिली तर निर्णय चुकीचा नाही. पण जिल्हा नावाची एक रेष असते या समजुतीचं काय करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

(जव्हारचा जयविलास राजवाडा. लांबून. मग उतारावरचे पाडे.)

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, १९४८ मध्ये विलीन झालं. जिल्ह्याचं ठिकाण इथं करा, ही मागणी इथल्या लोकांची. ती मागणी नुसत्या अभिमानातून आलेली नव्हती. १९९२-९३ मध्ये याच तालुक्यात, वावर-वांगणीला, कुपोषणानं मुलं गेली. सरकार घाट चढून वर आलं ते त्यानंतर. जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसू लागले. नकाशा तोच राहिला, जिल्हा तोच राहिला, फक्त सही करण्याचा अधिकार शंभर किलोमीटर अलीकडे आला. आम्हाला विचाराल तर २०१४ च्या अधिसूचनेपेक्षा ही गोष्ट मोठी, पण तिचा वर्धापनदिन कोणी साजरा करत नाही.

पालघरच्या बाजूनं बोलणारे रेल्वेकडे बोट दाखवत. त्यातही तथ्य होतं. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली होती. कर्मचारी लोकलनं येतात, मंत्री लोकलच्या बाजूबाजूनं येतात. जव्हारला रेल्वे नाही.

(ड्रोन. कोळगाव. रुंद रस्ते, मोठ्या पांढऱ्या इमारती, मोकळी माळरानं.)

हे जिल्हा मुख्यालय. पालघर-बोईसर रस्त्यावर, कोळगावला. जमीन सरकारनं सिडकोला दिली, त्या बदल्यात सिडकोनं ही संकुलं बांधून दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. जिल्हा होऊन सात वर्षं उलटली होती. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, सगळे एका आवारात. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत चालत जाता येतं. इमारती देखण्या आहेत, वरून तर फारच.

आठपैकी पालघर, डहाणू, तलासरी या तालुक्यांना हे जवळ आलं, यात वाद नाही. मोखाड्याहून ठाणे शंभराच्या वर किलोमीटर होतं. पालघर शंभराच्या आसपास आहे.

(एसटीतून उतरणारे बाबा. पिशवी छातीशी. प्रवेशद्वाराकडे जातात. कॅमेरा मागेच थांबतो.)

आत चित्रीकरणाची परवानगी नव्हती.

(पुन्हा अभिलेख कक्ष. काकांच्या हातात एक जुनी नस्ती.)

काकांनी निघताना एक नस्ती दाखवली. वरचा पुठ्ठा पाहा. छापलेलं आहे: जिल्हा ठाणे. ‘ठाणे’वर निळ्या शाईची एक आडवी रेघ, पट्टी लावून मारलेली. तिच्यावर त्याच शाईत, त्याच हातानं: पालघर. शेजारी आद्याक्षर आणि तारीख, कारण खाडाखोड केली की सही करायची असते. अक्षर ओळखता का, असं आम्ही विचारलं.

काकांनी चष्मा वर केला, पुठ्ठा उजेडाकडे धरला.

‘माझंच आहे,’ म्हणाले. आणि नस्ती परत गठ्ठ्यात ठेवून गाठ मारली.