दुसरी रात्र आणि दोहाळजेवण

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'पहिल्या महिन्यातलं स्तनपान : अडचणी आणि उपाय'. उपाय सांगणारच आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट बोलते, कारण आज्या, होणाऱ्या आया आणि बाबा एका खोलीत भेटतात कुठे? मागच्या रांगेतल्या पुरुषांनी पुढे यावं. खरंच या. आज तुमच्याकडे काम आहे.

माझं म्हणणं असं आहे. बाळाला अंगावरचं दूध पुरेल की नाही, याचा निकाल बहुतेक घरांत बाळाच्या दुसऱ्या रात्री लागतो. आणि त्या रात्रीची तयारी दोहाळजेवणाच्या दिवशी व्हायला हवी. त्या दिवशी शिकवायचं ते घरच्यांना. पोटुशी बाई बिचारी सगळं वाचून बसलेली असते.

दुसरी रात्र म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येक आईला आठवत असेल. जन्मल्यावर बाळ तास-दोन तास टक्क जागं असतं, मग दमून दिवसभर झोपतं. सगळे म्हणतात, किती गुणी! दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपासून तेच बाळ सूर धरतं. पाजलं की गप्प, पाळण्यात ठेवलं की भोकाड. अकरा वाजता आजी म्हणते, "पोट भरत नाहीये गं त्याचं." बारा वाजता आत्या म्हणते, "वहिनी, तुला उतरतंय का तरी?" एक वाजता बाबा स्कूटर काढतो आणि उघडं मेडिकल शोधत फिरतो. हसताय, म्हणजे फिरलाय तुम्ही.

बाळ त्या रात्री अगदी बरोबर वागत असतं. आईच्या अंगात तेव्हा चीक असतो. घट्ट, पिवळसर, थेंबाथेंबानं येणारा. बाळाचं पोटही पहिल्या दिवशी एका वेळी चमचा-दीड चमचा मावेल एवढंच. भरून दूध यायला दुसरा ते चौथा दिवस उजाडतो. सिझेरियन झालं असेल किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी थोडा उशीर होतो. बाळ ओढतं, त्याने प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध तयार होतं. हे संप्रेरक रात्री जास्त सुटतं. म्हणजे ज्या रडण्याला आपण भिऊन जातो, त्यातून बाळ पुढच्या दिवसांच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे, आणि ते दुखण्यानं, लाजेनं, धास्तीनं अडतं. भोवती पाच माणसं उभी राहून "येतंय का, येतंय का" विचारत असतील तर पान्हा कसा फुटावा?

मग पावडरच्या दुधाचा डबा येतो. वरचं दूध पोटात गेलं की बाळ चार तास झोपतं. चार तास ओढलं नाही, म्हणून तेवढं दूध कमी बनतं. दोन दिवसांत आजीचं म्हणणं खरं ठरतं, "बघा, हिला दूध नव्हतंच."

एक घर सांगते. मांडवीजवळचा जुना वाडा, पहिलटकरीण, माहेरी आलेली. दवाखान्यातून दुपारी सोडलेलं. रात्री शेजारच्या काकूंनी मला बोलावलं, कारण मी प्रसूतिकक्षात नोकरी केलेली सिस्टर, हे गल्लीत ठाऊक. मी गेले तर खोलीत आई, मावशी, दोन नणंदा आणि भेटायला आलेल्या एक बाई पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसलेल्या. पोरगी घामाघूम. बाळाला मान वळवून पाजत होती, बाळाच्या तोंडात नुसतं बोंड, आणि दर ओढीला तिच्या डोळ्यांत पाणी. एक नणंद म्हणत होती मध चाटवा, दुसरी म्हणे आमच्याकडे गळथूथी देतात, गुळाचं पाणी. मावशी म्हणे माझी बाळं गाईच्या दुधावरच वाढली.

मी आधी खोली रिकामी केली. पेढेवाल्या बाईंना सांगितलं, बारशाला या. पोरीच्या आईला मात्र ठेवलं, आणि तिला काम दिलं : हिच्या पाठीशी उशी लावा, हिला पाणी द्या, काही बोलू नका. बाळाचे कपडे काढले, लंगोटावर आईच्या छातीशी उघडं ठेवलं, वरून दोघांना पातळ पांघरूण घातलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान, खांदा, कंबर एका रेषेत. नाक बोंडासमोर. बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं तेव्हाच जवळ घेतलं, हनुवटी आधी टेकवून. खालचा ओठ बाहेर उलटलेला, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त दिसतोय, खाली कमी. पोरगी म्हणाली, "दुखत नाहीये." तिची आई रडायला लागली. तिला कुणी कधी हे दाखवलंच नव्हतं. तिची तीन बाळं तिनं भेगा सोसत वाढवली होती.

मला त्या आईबद्दल बोलायचंय. आपण सासू-आईला खलनायिका करतो. ती प्रेमानंच डबा मागवते. रडणारं बाळ बघून तिच्या हातात करण्यासारखं काही नसतं, म्हणून. तिला काम शिकवा, ती डबा मागणार नाही.

दवाखान्यांबद्दलही राग आहे माझा. मी जिथे नोकरी केली त्यातल्या एका ठिकाणी घरी सोडताना पिशवीत नमुन्याचा डबा जायचा. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या डब्यांची, बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने द्यायचे नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रसुद्धा छापायचं नाही. पिशवीत डबा सापडला तर विचारा, कुणी दिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्के होती, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्के. बाई दवाखान्यापर्यंत पोचली, बाळ छातीपर्यंत पोचलं नाही. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना १९४९ मध्ये ज्या विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा निघाली, त्या बडोद्याला तरी हे शोभत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, उपाय भराभर सांगते, लिहून घ्या.

भेगा पडल्या तर आधी पकड तपासा, मलम नंतर. बाळाला सोडवताना ओढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून बोट घालून पकड सैल करा. पाजून झाल्यावर दोन थेंब दूध तिथेच लावून वाळू द्या. साबण नको. सपाट बोंडं असली तरी बाळ पिऊ शकतं. ते बोंडावर नव्हे, स्तनावर पितं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. पाजण्याआधी हातानं थोडं दूध काढून काळा भाग मऊ करा, म्हणजे बाळाला धरता येतं. नंतर गार पाण्याची घडी. एका बाजूला लाल, दुखरी गाठ आणि थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर; पाजणं मात्र बंद करायचं नाही.

सिझेरियनवाल्या आईनं कुशीवर झोपून किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन पाजावं, टाक्यांवर भार येत नाही.

पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं होतं. पाचव्या दिवसापासून सहा तरी लंगोट ओले, शी काळ्याची पिवळी झालेली. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, लघवी होत नाही, बाळ सुस्त आहे, उठवूनही पीत नाही किंवा पिवळेपणा पायांपर्यंत गेला, तर घरी प्रयोग नको. काही आयांना थायरॉइडमुळे, वार अडकून राहिल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणानं खरोखर दूध कमी असतं. कमी दिवसांच्या बाळांना, मधुमेही आईच्या बाळांना कधी वरचं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तर द्या, मनात अपराध धरू नका. द्यायचं ते वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं, ती भांडी आधी उकळून. बाटली नको.

मध वर्षाच्या आत मुळीच नाही, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने पाणीही नाही, बडोद्याच्या मे महिन्यातही नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब चालतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गुजराती काटलूं, जे घरी होतं ते आईनं आवडीनं खावं. पण लाडू खाऊन दूध वाढत नाही, बाळानं प्यायल्यानं वाढतं.

आता बाबांचं काम. पहिले दहा दिवस दारावर उभं राहायचं. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच बारशाची तारीख द्यायची. रात्री बाळाची ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, आईसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. दुसऱ्या रात्री स्कूटरची किल्ली हातात घ्यायची नाही. बाळ ओलं करतंय ना, तेवढं बघायचं.

आणि आज्यांनो, या मंडळात वर्षभर दोहाळजेवणं होतात. झोपाळा, फुलांचे दागिने, बर्फी की पेढा, सगळं करा. फक्त ओटी भरून झाली की अर्धा तास ठेवा, बाळ कसं धरायचं ते दाखवायला. मी येईन, पैसे घेणार नाही. आज एक बाहुली आणि लोकरीचा विणलेला स्तन आणलाय, टेबलावर आहे. ज्यांच्या घरी येत्या दोन-तीन महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनी चहाआधी इकडे यावं. आधी सासवा आणि आया, मग बाबा.