गोळी पोटात गेल्यावर

(पडद्यावर: पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवलेली एक गोळी.)

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले असते. त्यामागचे कारण मात्र आपण क्वचितच विचारतो, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे पथ्य चुकीच्या पद्धतीने पाळले जाण्याचा धोका राहतो.

कॅनडातील लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधाचा मद्याशी काय संबंध येतो, हे तपासत होते. मद्याची चव ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या रसात मिसळले होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आढळली, आणि ज्यांना मद्याविना नुसता रस दिला होता त्यांच्यातही ती तशीच वाढलेली होती. म्हणजे कारण चव झाकणाऱ्या रसातच होते.

(पडद्यावर: लहान आतड्याच्या अस्तराचे चित्र.)

लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये सीवायपी३ए४ नावाचे विकर (एन्झाइम) असते. अनेक औषधांचा काही भाग रक्तात पोहोचण्याआधीच ते मोडून टाकते, आणि औषधाची मात्रा ठरवताना ही घट गृहीत धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन गटातील द्रव्ये हे विकर कायमचे निकामी करतात. नवे विकर तयार होण्यास वेळ लागत असल्याने एका पेल्याचा परिणाम एक ते तीन दिवस टिकू शकतो. म्हणूनच रस सकाळी आणि गोळी रात्री घेतल्याने प्रश्न सुटत नाही. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या बाबतीत ही बाब विशेष गंभीर आहे, कारण औषधाची पातळी वाढली की स्नायूंना इजा होण्याचा धोकाही वाढतो. पपनसातही हीच द्रव्ये आढळतात, याचा उल्लेख फारसा कोणी करत नाही. तो व्हायला हवा.

दुधाची गोष्ट निराळी आहे. त्यातील कॅल्शियम टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांच्या रेणूंना आतड्यातच घट्ट बांधते, त्यामुळे औषधाचे शोषण घटते आणि जंतुसंसर्गावर पुरेसा मारा होत नाही. येथे पेशींचे काहीच बिघडत नाही, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवणे पुरेसे ठरते. थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या, त्या सूचनेमागेही शोषणाचाच प्रश्न आहे.

(पडद्यावर: हिरव्या पालेभाज्या.)

रक्त गोठू नये यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांची मात्र सर्वाधिक दिशाभूल होते. हे औषध रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कार्याला अडथळा आणते आणि पालेभाज्यांत ते जीवनसत्त्व भरपूर असते, एवढेच ऐकून अनेकजण पालेभाज्या पूर्णपणे बंद करतात. खरे तर औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहारावर, आयएनआर या रक्ततपासणीच्या आधारे बसवलेली असते. भाज्या अचानक थांबवल्या तर रक्तस्राव होऊ शकतो, अचानक वाढवल्या तर गुठळी होऊ शकते. त्यामुळे या रुग्णाने भाज्यांचे प्रमाण रोजच्या रोज साधारण सारखे ठेवायचे असते, आणि आहार बदलायचा असल्यास डॉक्टरांना आधी सांगून तपासणी पुन्हा करून घ्यायची असते.