रिपोर्ट नॉर्मल आला, मग झालं काय?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यातली सकाळ होती. रात्रभर धो धो पडत होता. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली आणि दोघांनी धरून एका बाईंना आत आणलं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते आहे.) वय चाळिशीचं. दरदरून घाम, ओठ कोरडे, श्वास भराभर चाललेला. आणि दोन्ही हातांची बोटं टोकाशी जुळून आखडलेली, भाताचा घास उचलताना होतात तशी. "डॉक्टर, मी आता जगत नाही," एवढंच त्या म्हणत होत्या. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हात बघा ना तिचे. बाहेरचं आहे काहीतरी. अंगारा लावलाय, पण उतरत नाही."

ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, साखर तपासली. सगळं ठीक. वीसेक मिनिटांत बोटं आपोआप सैल पडली. त्या थकून झोपल्या.

अशा वेळी पूर्वी मी म्हणत असे, "काही झालेलं नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा." आता नाही म्हणत. कारण त्या बाईंना काहीतरी झालं होतं, आणि ते अगदी खरं होतं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, चिंतेचा तीव्र झटका.

तो कसा येतो ते सांगते. समजा, तिन्हीसांजेला तुम्ही काजूच्या बागेतून येताय आणि पायाजवळून फुरसं सळसळत गेलं. क्षणात छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय थरथरतात, पोटात गोळा येतो. शरीर अॅड्रेनलिन सोडतं, पळायची तयारी करतं. ही यंत्रणा आपल्याला जगवणारी आहे. झटक्यात नेमकं हेच सगळं होतं, फक्त फुरसं नसतं. मग मन कारण शोधत सुटतं. बाहेर काही दिसत नाही, म्हणून ते आत बघतं आणि ठरवतं, हे हृदयच बंद पडतंय. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते.

आणि ती आखडलेली बोटं? भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण उतरतं आणि नसा उत्तेजित होतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हात वळतात, घेरी येते. काहींना गळा आवळल्यासारखं होतं, काहींना आजूबाजूचं सगळं खोटं, स्वप्नातलं वाटतं. सासूबाईंना मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

हा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो.

पण एक गोष्ट ठासून सांगते. पहिल्यांदा असं झालं तर "चिंताच असेल" असं घरच्या घरी ठरवू नका. छातीत दाब, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, चढ चढताना दुखणं, मधुमेह, वाढतं वय, यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा. थायरॉइड आणि अॅनिमियातही धडधड होते. आधी तपासणी, मग बाकीचं.

हृदय ठीक आहे असं कळल्यावर पुन्हा झटका आला, तर भोवतालची गर्दी हटवा. कांदा हुंगवणं नको. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणंही नको, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला त्याने अपाय होतो. माणसाला खाली बसवा. पाय जांभ्याच्या गार पायरीवर टेकू द्या. चार मोजत श्वास आत, सहा मोजत सावकाश बाहेर. तुम्हीही त्यांच्यासोबत तसाच श्वास घ्या. "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा "मी इथेच आहे, हे उतरणार आहे" असं म्हणा.

त्या बाई चिपळूणच्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा त्या मुलांना घेऊन माळ्यावर बसून होत्या. आता पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की शरीराला तीच रात्र आठवते. पुढे पुढे त्या बाजारात जाईनाशा झाल्या, एसटीत चढेनाशा झाल्या. झटक्यापेक्षा पुढच्या झटक्याची ही धास्ती माणसाला जास्त घरात कोंडते. ती महिनाभर टिकली तर उपचार हवेतच.

आणि उपचार आहेत. समुपदेशनात विचारांची आणि वागण्याची घडी हळूहळू बदलता येते. गोळ्याही आहेत, मात्र त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांची सवय लागते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने थट्टा करतो आपण, आणि त्या थट्टेपायी कितीतरी जण तिथल्या ओपीडीची पायरी चढत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रवास जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या बाईंनी पहिला फोन तिथेच केला, स्वयंपाकघराचं दार लोटून.

नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.