मंत्रालयाचं काम आटोपल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भागातली माणसं मुंबईला हौसेनं फार कमी जातात. कोणाला टाटा हॉस्पिटलची तारीख मिळालेली असते, कोणाची फाइल मंत्रालयात अडकलेली असते, कोणाचा मुलगा भरतीला गेलेला असतो. दिवस साहेबाच्या दाराशी जातो, 'उद्या या' असं ऐकायला मिळतं आणि संध्याकाळ रिकामी उरते. मग एखाद्या नातेवाइकाच्या घरी नाहीतर आमदार निवासातल्या खोलीत जाऊन पडायचं, दुसरं काही आपल्याला सुचत नाही. या रिकाम्या संध्याकाळी कुठं जावं, ते सांगायला मी आज आले आहे. मी वणी तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते.

मंत्रालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावर काळा घोडा नावाचा भाग आहे. तिथं जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती उभी राहिली आणि १९५२ साली सुरू झाली. आत जायला तिकीट नाही. इथं बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. चित्रकार अर्ज करतो, त्याला नंबर लागायची वाट पाहावी लागते, कधी कधी वर्षानुवर्षं. हाती येतो तो एक आठवडा. त्यामुळे तो चित्रकार सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतः आपल्या चित्रांजवळ बसून असतो. त्याच्याशी बोला. तो त्यासाठीच बसलेला असतो.

पण जहांगीर ही सुरुवात झाली. कुलाबा आणि फोर्टच्या गल्ल्यांमध्ये जुन्या दगडी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर खाजगी गॅलऱ्या आहेत. खालून त्या दिसत नाहीत. दाराशी तळहाताएवढी पाटी, आत लाकडी जिना, नाहीतर लोखंडी जाळीच्या दाराची लिफ्ट. या गॅलऱ्यांमध्ये आजचे, हयात असलेले चित्रकार आणि शिल्पकार आपलं नवं काम मांडतात. नवं प्रदर्शन लागतं त्या पहिल्या संध्याकाळला तिकडं ओपनिंग म्हणतात. जानेवारीत तर बऱ्याच गॅलऱ्या मिळून एकाच वेळी नवी प्रदर्शनं उघडतात. २०१२ पासून त्याला मुंबई गॅलरी वीकेंड असं नाव आहे. त्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत एका गॅलरीतून दुसरीत माणसं हिंडत असतात.

मी गेले तेव्हा माझे दीर बरोबर होते. त्यांच्या शेतजमिनीच्या मोबदल्याचा कागद मंत्रालयात होता, त्यासाठी आम्ही दोघं आलो होतो. पहिल्याच जिन्याशी भाऊजी थांबले. "वहिनी, आपल्याले अंदर घेतीन काय?" पायात साधी चप्पल, खांद्याला कागदांची पिशवी. वॉचमननं वर बोट दाखवलं, "दूसरा माला," आणि आम्ही वर गेलो. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पिशवी तेवढी टेबलापाशी ठेवायला सांगितली, कारण ती चित्रांना लागू शकते.

आपल्याकडे उद्घाटन म्हटलं की मंडप, खुर्च्या, दीपप्रज्वलन, हार आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण. इथं यातलं काही नव्हतं. पांढऱ्या भिंती, भिंतींवर काम, आणि उभ्यानं बोलणारी माणसं. एका बाजूला सरबत, पाणी, वाइन. दाराजवळ एक कागद मिळतो, त्यावर प्रत्येक कामाचं नाव, ते कशापासून केलं आणि कोणत्या साली केलं हे छापलेलं असतं. तो कागद जरूर घ्या, पण आधी काम पाहा आणि मग कागद वाचा. मी शाळेतल्या मुलांनाही हेच सांगते.

तिथल्या एका खोलीत जमिनीवर सरकी पसरलेली होती. जिनिंगमधून रुई काढून झाल्यावर उरते ती सरकी, वर पांढरी लव असलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत तिचा एक चौकोन, आणि त्या चौकोनात पाय ठेवता येईल एवढ्या अरुंद वाटा, शेतातल्या तासांसारख्या सरळ. एका कोपऱ्यात मात्र सरकी काळी होती. लोक कडेनं चालत होते, फोटो काढत होते. भाऊजी उकिडवे बसले. मी त्यांना आधीच बजावलं होतं की गॅलरीत कशाला हात लावायचा नाही, आपल्या बोटांचा घाम आणि तेल कामाला लागतं. म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "हात लावू काय?" ती मुलगीच त्या कामाची कलाकार निघाली. ती हो म्हणाली. भाऊजींनी पांढऱ्यातली एक सरकी उचलली, नखानं फोडली, वास घेतला. "हे तर ढेपीची सरकी हाये, पेरायची नाई. आन ते काळी, ते पेरायची. तिची लव काढली हाये."

तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती तिथंच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्या खोलीतल्या कोणालाच तो कोपरा वेगळा का, हे ओळखता आलं नव्हतं. पांढरी सरकी तेलाच्या घाण्याला आणि ढोरांच्या ढेपीला जाते, काळी पाकिटातून विकत आणून पेरतात, आणि आपल्याच कापसातून निघालेलं बी आपण आता पुन्हा पेरत नाही. भाऊजी तिला सांगत गेले. आधी घरची सरकी शेणमातीत घोळून पेरायचे ते सांगितलं, तासातलं अंतर सांगितलं, बोंडअळी सांगितली. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं. माझ्या अंदाजानं अर्धा तास तरी गेला. गॅलरीचे मालकही येऊन ऐकत उभे राहिले.

श्रोतेहो, ही गोष्ट मी घरी आल्यापासून सगळ्यांना सांगते आहे, कारण आपल्या माणसांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली आहे. हे शिकलेल्यांचं आहे, श्रीमंतांचं आहे, आपल्याला यातलं काय समजणार. आजच्या कलेतलं कितीतरी काम माती, बी, कोळसा, पाणी, विस्थापन, मजुरी यांवर उभं आहे. ज्यानं हे अंगावर झेललं, तो ते काम पदवीवाल्याइतकंच, कधी कधी त्याच्यापेक्षा खोल वाचू शकतो. माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

आणि गॅलरीच्या भिंतीवर आपली माणसं आधीच पोचलेली आहेत. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा तालुक्यात सास्ती हे खाणीचं गाव आहे. तिथले प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६. घरच्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत. ते खैरागडला शिल्पकला शिकले, मग बडोद्याला गेले. मुंबईत कुलाब्याजवळ क्लार्क हाऊसमध्ये २०१२ साली त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. चारकोल, म्हणजे चित्र काढायचा कोळसा, घेऊन ते थेट भिंतीवर काढतात. खाणकामगाराच्या डोक्यावरचा दिवा, माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी भलतीच एखादी वस्तू, खणून पोखरलेली जमीन. असं भिंतीवरचं चित्र प्रदर्शनानंतर रंगाच्या हाताखाली जातं, हे मला त्या विषयाला फार शोभून दिसतं. २०२१ साली वेल्समधला आर्टेस मुंडी हा पुरस्कार सहा कलाकारांना मिळून दिला गेला, त्यात पाचपुते होते. वेल्स हासुद्धा कोळशाच्या खाणींचाच मुलूख. सास्तीची गोष्ट तिथल्या माणसांना समजावून सांगावी लागली नसेल.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. चित्रकार सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण तेव्हा आपण सगळे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये जाण्याआधी ते नागपूरच्याच कलाशाळेत शिकले. गायतोंडे यांचं एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. हा आकडा लोकांना लगेच पाठ होतो, म्हणून पुढचंही सांगते: ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, आणि २००१ साली ते वारले तेव्हा असे आकडे त्यांच्या वाट्याला आलेले नव्हते.

पैशाचा व्यवहारही समजून घ्यायला हवा. चित्राशेजारी लहानसा लाल ठिपका दिसला तर ते विकलं गेलं आहे असं समजायचं. किंमत भिंतीवर लिहीत नाहीत, टेबलापाशी विचारली की सांगतात, आणि विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आलेल्या पैशातला साधारण निम्मा वाटा गॅलरीचा असतो. जागेचं भाडं, दिवे, वाहतूक, छपाई आणि गिऱ्हाईक शोधणं ती करते. मला हा वाटा जास्त वाटतो, विशेषतः नव्या मुलांच्या बाबतीत. पण चांगली गॅलरी काय करू शकते याचंही उदाहरण आहे. केकू गांधी यांचा चित्रांच्या फ्रेमा करण्याचा धंदा होता. त्यांनी आपल्या दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं मांडायला सुरुवात केली. पुढे १९६३ साली त्यांनी आणि खोरशेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड काढली. डहाणू भागातले जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं १९७० च्या दशकात याच गॅलरीत लागली. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढायची ती चित्रं. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. केमोल्ड आता फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर आहे.

आपल्या मुलांचं सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला आमची मुलं उत्साहानं बसतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, म्हणून पालकही फॉर्म भरतात. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही मुलं छान करतात. पण यातल्या कितीतरी मुलांनी चांगल्या चित्रकाराचं खरं चित्र, छापलेलं नव्हे, समोर उभं राहून कधी पाहिलेलं नसतं. रंगाचा थर किती जाड आहे, ब्रश कुठं उचलला, कागदाला कुठं सुरकुती पडली, हे पुस्तकात दिसत नाही. तालुक्याच्या गावी एक खोली हवी, पांढऱ्या भिंतींची, चांगल्या दिव्यांची. नगरपरिषदेची, वाचनालयाची, कोणाचीही चालेल. आमच्या वणीत, वरोऱ्यात, उमरखेडमध्ये ती का होऊ नये? मी ही मागणी जिथं संधी मिळते तिथं करते, आणि आज रेडिओवरून करते.

तोवर मुंबईला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. जहांगीर साधारण अकराला उघडते, सातला बंद होते. खाजगी गॅलऱ्या बऱ्याचदा रविवारी नाहीतर सोमवारी बंद असतात, म्हणून आधी फोन करून विचारा. शाळकरी पोर बरोबर असेल तर त्याच्या हाती वही आणि पेन्सिल द्या. आणि निघताना टेबलावर अभिप्रायाची वही ठेवलेली असेल, तर तीत मराठीत लिहा, जे वाटलं ते, एक ओळ का होईना. भाऊजींनी लिहिलं होतं, "सरकी पाहून बरं वाटलं. पुढच्या बारीला पऱ्हाटी आना." आणि खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा. त्या कलाकार मुलीनं मला नंतर कळवलं की ती दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत, आमच्या गावी येणार आहे.

नमस्कार.