खाऱ्या बटरचा केक

नमस्कार, श्रोतेहो.

केकची कुठलीही कृती वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत दटावणी असतेच: बटर बिनमिठाचं घ्या. आणि आपल्या फ्रिजमध्ये असतं ते पिवळं, खारं, पावाला लावायचं. कंपनीचं नाव रेडिओवर घ्यायची सोय नाही, पण पाकीट तुमच्या डोळ्यांपुढे आलंच असेल. आज ज्या केकबद्दल बोलणार आहे, त्याला नेमकं तेच लागतं.

त्याचं नाव क्विन्-आमान. ब्रिटनी नावाच्या प्रांतातला हा पदार्थ. ब्रिटन नव्हे हं, ब्रिटनी: फ्रान्सचं पश्चिमेकडे अटलांटिकमध्ये घुसलेलं टोक. तिथली जुनी भाषा ब्रेटन, आणि तिचं जवळचं नातं फ्रेंचशी नाही, वेल्शशी आहे. त्या भाषेत क्विन् म्हणजे केक आणि आमान म्हणजे लोणी. लोण्याचा केक, बस. नावात काही लपवाछपवी नाही.

दुआर्नने हे तिथलं सार्डिन मासळीचं बंदर. 1860 च्या सुमारास तिथल्या स्कोर्दिया नावाच्या बेकरीवाल्याने हा केक पहिल्यांदा केला असं सांगतात. दुकानातला माल संपला, गिऱ्हाईक तर दारात उभं, तेव्हा हाताशी होती ती पावाची कणीक, लोणी आणि साखर एकत्र लाटून त्याने भट्टीत सरकवली. गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते मला. पण पदार्थ चाखला की वाटतं, हो, असाच घाईगर्दीत सुचला असेल.

आता लोणी खारंच का? फ्रान्समध्ये राजाचा मिठावर कर होता, गाबेल त्याचं नाव. त्यामुळे बऱ्याच भागांत मीठ इतकं महाग की लोण्यात घालायचा विचारही कोणी करत नसे. ब्रिटनी 1532 मध्ये फ्रान्सला जोडला गेला, पण मिठाच्या करातून त्याची सूट कायम राहिली. वर गेरांदची मिठागरं शेजारीच. मग लोणी टिकवायला त्यात सढळ हाताने मीठ पडायचं. 1790 मध्ये राज्यक्रांतीने तो कर काढला, तरी ब्रेटन माणसाच्या जिभेवरचं मीठ काही गेलं नाही. आपल्याकडे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरावर लोक लाठ्या खायला का गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मिठावरचा कर काय असतो हे मी वेगळं सांगायला नको.

तर कृतीकडे येऊ. जुनं प्रमाण ऐकून दचकू नका: शंभरातले चाळीस भाग कणीक, तीस भाग लोणी, तीस भाग साखर. पुरणपोळीत पिठाहून पुरण जास्त असावं म्हणणारी माणसं आपण, तरीही मला इतकं धाडस होत नाही. मी 250 ग्रॅम मैद्याला 200 ग्रॅम बटर आणि 200 ग्रॅम साखर घेते. मैद्यात एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन चिमटी मीठ आणि साधारण 160 मिलिलिटर पाणी. आठ-दहा मिनिटं चांगली मळा, झाकून तासभर फुगू द्या, मग तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

तोवर बटर दोन बटरपेपरांच्या मध्ये ठेवून लाटण्याने ठोका आणि वीतभर चौकोन करा. इथे सगळी मेख आहे. बटर फार कडक असेल तर लाटताना आत त्याचे तुकडे पडतात. मऊ पडलं तर ते कणकेतच मुरतं आणि पदर सुटत नाहीत. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला चिकटू नये. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये हा घाट घालूच नका. डिसेंबरातली सकाळ बरी, तीही पंखा लावून.

गार कणीक बटरच्या दुप्पट मोठी लाटा, मधे बटर ठेवा, चारही कोपरे पाकिटासारखे दुमडा. हलक्या हाताने लांब पट्टी लाटा आणि तीन घड्या घाला. ज्यांना घडीची पोळी येते त्यांना हे नवं नाही. फक्त तेलाच्या बोटाच्या जागी अख्खी लोण्याची वडी आहे. अर्धा तास फ्रिज. पुन्हा लाटा, पुन्हा तीन घड्या, पुन्हा फ्रिज.

तिसऱ्या वेळी साखर येते. लाटलेल्या पट्टीवर निम्म्याहून जास्त पसरा, लाटणं फिरवून दाबा, घड्या घाला. आणि आता रेंगाळू नका. साखर कणकेतलं पाणी ओढून घेते. वीस मिनिटांच्या वर ठेवलंत तर ओट्यावर पाक वाहू लागेल. फोन वाजला तर वाजू द्या. लगेच शेवटचं लाटा, खाली-वर उरलेली साखर भुरभुरा, कोपरे मधे घेऊन गोल करा आणि बटर-साखर लावलेल्या आठ इंची भांड्यात बसवा. अर्धा तास विसावा. वरून सुरीने शंकरपाळ्यांसारख्या चिरा द्या.

भांड्याबद्दल एक अनुभव सांगते. पहिल्या खेपेला मी तळ निघणारा डबा वापरला. वितळलेलं बटर खालच्या फटीतून थेंब थेंब ओटीजीच्या कॉइलवर. पाच मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरलं, आणि समोरच्या काकू पाण्याची बादली घेऊन दारात! तेव्हा डबा अखंड तळाचा हवा, आणि खाली एक ट्रे हवाच. बटर थोडं गळणारच. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

200 अंशांवर पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं. मधेच एकदा कडेला जमलेलं बटर चमच्याने वर ओता. रंग सोनेरी झाला म्हणून काढू नका, इथे बहुतेकांचा धीर सुटतो. चांगला तांबूस, कडेला जवळजवळ काकवीच्या रंगाचा होऊ द्या. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटं थांबा आणि उलटा करा. जास्त थांबलात तर साखर काचेसारखी घट्ट होते आणि केक भांडं सोडत नाही. पाक हाताला लागला तर वाईट भाजतं, तेव्हा मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

कोमट झाला की सुरीच्या पाठीने वर टकटक करून बघा. चिक्कीच्या ताटावर वाजतं तसं वाजलं पाहिजे. वरचा थर कटकन मोडतो, आत मात्र पदरापदराचा, ओलसर, पावाच्या वासाचा गाभा. एवढी साखर असून तो अंगावर येत नाही, कारण दर घासाला मागून मीठ येतं. बिनमिठाच्या बटरने मी एकदा करून पाहिला. दोन घासांत नको झाला.

तुकडे छोटेच करा, आठ तर सहज होतात. उरला तर दुसऱ्या दिवशी तव्यावर अगदी मंद आचेवर गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा कुरकुरीतपणा जातो. आणि त्या ट्रेमध्ये गळलेलं बटर टाकून देऊ नका. त्यात जळकट साखरेचा छान वास उतरलेला असतो. आमच्याकडे ते गाळून सकाळच्या शिऱ्यात जातं. फक्त त्या दिवशी शिऱ्यात साखर थोडी कमी घाला, आणि मीठ घालायची सवय असेल तर घालू नका.

नमस्कार.