हँडरेल गेली कुठे?

मंडळी, कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम ज्यांनी पाहिलंय, त्यांना या छंदातलं वेड समजावून सांगायला नको. मी आज बोलणार आहे ते मात्र छोट्या रेल्वे बनवणाऱ्या इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीबद्दल, आणि एका तारेबद्दल.

वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरच्या कडेने जो धरायचा दांडा जातो, ती हँडरेल. सव्वा इंची दांडा १:७६ प्रमाणात आणला, की अर्धा मिलिमीटरही उरत नाही. चांगल्या मॉडेलवर ही खरीखुरी तार असते, बारक्या खुंट्यांतून ओवलेली. ओवायची हातानेच. आणि ते हात चीनमधल्या कारखान्यातले. तिथली मजुरी वाढत चाललेली.

२०१२-१३च्या सुमारास हॉर्नबीने काही नव्या मॉडेलांवरचे असे सुटे भाग कमी केले. हँडरेल कुठे कुठे बॉयलरच्या प्लॅस्टिकमध्येच उमटवलेली, नुसता उंचवटा. या काटकसरीचं नाव ‘डिझाइन क्लेव्हर’. नाव बघा हं! काटकसर कुठे दिसतेय त्यात? आणि रचनाच हुशारीची म्हटल्यावर कुरकुर करणारा आपोआप मठ्ठ ठरतो. लोक विचारत होते, ‘तार काढलीत, मग किंमत किती उतरवली?’ त्यावर रचनेची थोरवी ऐकवून काय उपयोग?

बरं, खर्च वाढलाय हे कारण खोटं नव्हतं. पोराच्या हातात तार वाकते, हेही खरंच. तेवढं सरळ सांगितलं असतं तर लोक चार दिवस कुरकुरले असते आणि गप्प बसले असते. हे मी उगाच म्हणत नाही. ब्रिटिश ‘ओओ’ गाड्या, म्हणजे याच १:७६ मापाच्या, धावतात १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर. त्यांच्या प्रमाणात तो १८.८३ हवा! ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यात त्या काळची मोटर मावेना, म्हणून इंजिनाचं अंग मोठं केलं आणि रूळ तसाच ठेवला. एवढी ढळढळीत चूक, पण बहुतेकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतली. कारण उघड होतं, आणि अरुंद रुळाला कुणी हुशारी म्हणत नव्हतं.

हॉर्नबीने पुढे ते नाव सोडून दिलं, तारा परत आल्या.

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. माझं एक डिझेल इंजिन कपाटात पडून फुगलं. चासी, म्हणजे खालचा ओतीव सांगाडा, मधोमध वाकली, टोकाला भेगा. नखाने दाबलं तर धातू बिस्किटासारखा तुटला. हा जस्ताचा रोग. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं किंवा तत्सम भेसळ राहिली, की तो कणाकणांच्या सांध्यांतून कुजतो. दमट हवेत लवकर कुजतो, पण शुद्ध मिश्रधातू त्याच हवेत टिकतो. कंपनीचं उत्तर आलं: वस्तू कोरड्या जागी ठेवावी. वाक्यात एक शब्द खोटा नाही! मी पुन्हा लिहिलं, ओतकामातल्या भेसळीचं काय? त्यावर आभार आले आणि नव्या वर्षाचा कॅटलॉग.

त्याच कपाटात, त्याच खणात, १९५०च्या दशकातलं एक ओतीव इंजिन आहे. परवाच रुळावर ठेवलं. जरा करकरलं, पण धावलं.