शेजाऱ्याचा आकडा आपल्या घराला चालत नाही

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळाच्या हिवाळी सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरातला रेडॉन : मोजावा कसा, कमी करावा कसा'. ते दोन्ही मी सांगणार आहे. पण त्याआधी मला एका वाक्याचा समाचार घ्यायचाय. रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा, न दिसणारा, वास नसलेला किरणोत्सर्गी वायू. किरणोत्सर्ग-सुरक्षा हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणाच्याही घरी जेवायला गेलो की रेडॉनचा विषय निघतोच, बऱ्याचदा मीच काढतो. आणि मग ते वाक्य येतं : "अहो, शेजारच्यांनी टेस्ट केली होती, त्यांचं कमी आलं. म्हणजे आपलंही ठीकच असणार." शाळा कुठली चांगली, प्लंबर कोण बरा, हे शेजाऱ्याला विचारावं. रेडॉन मात्र शेजाऱ्याला विचारून कळत नाही. ते का, हे समजायला एक गोष्ट ऐका.

डिसेंबर १९८४. इथून दोन तासांच्या आत गाडीने पोचाल, असं पेनसिल्व्हेनियातलं बॉयरटाउन. तिथे स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनिअर राहायचे. लिमरिकचा अणुवीज प्रकल्प तेव्हा पुरा होत आला होता आणि ते तिथे कामाला होते. अशा प्रकल्पातून बाहेर पडताना एका चौकटीत उभं राहावं लागतं. अंगावर, कपड्यांवर किरणोत्सर्गी कण असतील तर भोंगा वाजतो. वॉट्रस उभे राहिले की भोंगा वाजायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अंग धुवा, कपडे बदला, कुठे कुठे गेला होतात ते सांगा. प्रकल्पातून वीज तर अजून निघायलाही लागली नव्हती. मग या माणसाच्या अंगावर येतंय कुठून?

एके दिवशी सकाळी वॉट्रस आले, आणि कामाच्या भागात न जाता सरळ त्या चौकटीत जाऊन उभे राहिले. भोंगा वाजला! हसा, हसा, मलाही दर वेळी हसू येतं. अणुप्रकल्पातून घरी काही जाऊ नये म्हणून बसवलेलं यंत्र घरून प्रकल्पात येणारं पकडत होतं. पण त्या घरात त्यांची बायको होती, लहान मुलं होती. तपासनीस घरी गेले आणि हवेतला रेडॉन मोजला. आकडा आला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, आज उपाय करण्यासाठी जी पातळी ठरवली आहे ती आहे ४.

पिकोक्युरी हा शब्द ऐकला की माणसं झोपतात, म्हणून वेगळं सांगतो. ४ म्हणजे, तुमच्या समोरच्या एका लिटर हवेत मिनिटाला साधारण ९ रेडॉन अणू फुटतायत. वॉट्रस यांच्या घरात, त्याच एका लिटरमध्ये, मिनिटाला सुमारे ६,०००. त्या हवेत ते कुटुंब झोपत होतं. जानेवारी १९८५मध्ये त्यांना घर सोडायला लावलं. मग ते घर जवळजवळ प्रयोगशाळाच झालं. जमिनीखालची हवा ओढून घेण्याच्या तऱ्हा तिथे वापरून पाहिल्या गेल्या, आकडा ४च्या खाली आणला, आणि काही महिन्यांनी कुटुंब त्याच घरात परत राहायला आलं. हा भाग लोक सांगायला विसरतात. एवढं भयंकर घरसुद्धा दुरुस्त झालं.

आणि आता माझा मुद्दा. त्याच परिसरात जवळपासच्या काही घरांतला आकडा अगदी साधा निघाला. त्यांनी वॉट्रसना सांगितलं असतं, "आमचं ठीक आहे", तर ते खरंच होतं. पण ते त्यांच्या घरापुरतं खरं होतं.

असं का होतं? जमिनीत युरेनियम असतं, थोडंफार सगळीकडेच. त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे असलेल्यातलं निम्मं फुटून जायला लागणारा काळ, साडेचार अब्ज वर्षं. तेव्हा ते संपायची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच्यापासून पुढे रेडियम, आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीत वायू तेवढा रेडॉनच, बाकी सगळे धातू, खडकात जागच्या जागी बसलेले. रेडॉनचं अर्धं आयुष्य ३.८ दिवस. मातीतून, भेगेतून, घराच्या पायापर्यंत यायला तेवढा वेळ पुरतो. आत आल्यावर तो फुटतो आणि पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे घन कण तयार होतात. ते धुळीला, कपड्यांना चिकटतात, सिंथेटिक कपड्यांना तर फारच. वॉट्रस यांच्या अंगावर हेच होतं. आजही प्रकल्पांत कुणाचा भोंगा याच कारणाने वाजला तर त्याला थोडा वेळ बसवून ठेवतात, कारण यांतल्या बऱ्याच कणांचं अर्धं आयुष्य अर्ध्या तासाच्या आत असतं. कपड्यांवरचे कण असे निघून जातात. श्वासातून फुप्फुसात गेलेले कण मात्र तिथेच फुटतात, आणि त्यांच्यातून निघणारे अल्फा किरण शेजारच्या पेशींना मार देतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, असा ईपीएचा अंदाज आहे. धूम्रपानाच्या खालोखाल हेच कारण. आणि कधीच सिगारेट न ओढलेल्यांत पहिलं.

किती रेडॉन घरात शिरतो हे फक्त खडकावर ठरत नाही. स्लॅबला भेग कुठे आहे, पाइप जिथून आत येतो तिथली फट किती, संप-पिट, म्हणजे बेसमेंटमधला पाणी गोळा होण्याचा खड्डा, उघडा आहे का, खालची खडी कशी आहे, घर गरम करणारी भट्टी आणि ड्रायर घरातली किती हवा बाहेर टाकतात, हे सगळं येतं. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि खाली जागा करते. मग स्ट्रॉने सरबत ओढावं तसं घर पायाखालच्या मातीतून हवा ओढतं. एकाच बिल्डरने, एकाच महिन्यात बांधलेली दोन घरं असली तरी भेगा काही एकसारख्या पडत नाहीत.

हं, खडकाचंही सांगतो, कारण आपण नेमके कुठे राहतो ते बघा. पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंगपासून उत्तर न्यू जर्सीतून न्यूयॉर्ककडे जाणारा जुन्या खडकांचा एक पट्टा आहे, रीडिंग प्रॉन्ग. त्यात युरेनियम बरंच. वॉट्रस यांचं घर त्यावरच होतं. १९८६मध्ये आपल्या राज्यात क्लिंटन गावच्या एका वस्तीत जास्त आकड्याची घरं निघाली, तीही याच पट्ट्याच्या परिसरातली. मॉरिस, ससेक्स, हंटर्डन, वॉरन काउंटीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्या. पण पट्ट्याबाहेर आहोत म्हणून सुटलो, असंही समजू नका. आयोवात हा पट्टा नाही, तरी आयोवाची घरं देशात सर्वांत वाईट गणली जातात.

आणि आपण वाढलो कुठे? दख्खनच्या काळ्या बसाल्टवर. त्यात युरेनियम कमी. बेसमेंट नाही, खिडक्या वर्षभर उघड्या, पंखा गरगरतोय. त्यामुळे आपल्या आई-आजीने सांगितलेल्या शंभर काळज्यांत ही काळजी नव्हतीच. इथे येऊन आपण हिवाळ्याचे चार महिने खिडक्या बंद असणारं घर घेतलं आणि त्याच्या खाली बेसमेंट सजवलं. आता त्यात कोण असतं बघा. मुलांचा तबला. घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिस, म्हणजे पूर्वी तासभर वापरायची खोली आता दहा तास. आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, कारण खाली त्यांना स्वतंत्र बाथरूम आहे. सर्वांत जास्त आकड्याची खोली आपण सर्वांत प्रेमाच्या माणसांना देतो. मला हे सांगताना खरंच त्रास होतो.

मध्येच कुणीतरी किचनच्या ग्रॅनाइटचं विचारतंय. दर वेळी हा प्रश्न येतो. ग्रॅनाइटच्या ओट्यातून थोडा रेडॉन निघू शकतो, पण घरातल्या आकड्यात त्याचा वाटा बहुधा किरकोळ. खरा पुरवठा पायाखालच्या मातीतून. ओटा राहू द्या, काकू, बेसमेंट मोजा.

माझी दुसरी तक्रार घरखरेदीच्या टेस्टबद्दल आहे. या राज्यात बहुतेकांची रेडॉनशी ओळख एकदाच होते, घर घेताना. दोन दिवसांची टेस्ट. आकडा जास्त आला की विकणाऱ्याकडून पैसे वळते करून घ्यायचे, आणि फाइल बंद. म्हणजे रेडॉन हा सौद्यातला एक मुद्दा झाला. मे महिन्यातल्या दोन दिवसांचा आकडा घेऊन माणसं पंधरा जानेवारी काढतात. मध्ये बेसमेंट फिनिश केलं, नवी भट्टी बसवली, खिडक्या बदलून घर आणखी हवाबंद केलं. घर बदललं, आकडा जुनाच.

आणि तो पांढरा पाइप! जास्त रेडॉनच्या गावांत नव्या घराखाली खडी, प्लास्टिकचा थर आणि छतापर्यंत जाणारा पाइप घालायचा नियम न्यू जर्सीत आहे. चांगला नियम आहे. पण त्या पाइपला पंखा नसतो. हवा आपोआप वर जाईल एवढ्यावर भिस्त. कधी पुरते, कधी नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला घर विकताना सांगितलं गेलं, "रेडॉन सिस्टिम बसवलेलीच आहे." ते वर्षानुवर्षं निर्धास्त. मोजलं तर खाली आकडा चारच्या दुप्पट. पाइप होता, पंखा बसवायची जागासुद्धा माळ्यावर तयार होती, फक्त पंखा नव्हता. अर्ध्या दिवसाचं काम होतं, आणि इतकी वर्षं कुणी वर चढून पाहिलं नव्हतं. हे ऐकून मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

बरं, अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि पत्रिकेवरचा विषय तर आत्ता सुरू होतोय. तेव्हा भराभर सांगतो, फोनवर लिहून घ्या.

मोजणं. कोळशाच्या डबीचं छोट्या मुदतीचं किट येतं, स्वस्त असतं. कोळसा हवेतला रेडॉन धरून ठेवतो. घरातल्या सर्वांत खालच्या वापरातल्या मजल्यावर ठेवा. जमिनीपासून किमान वीस इंच वर, खिडकी-दारापासून तीन फूट लांब, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये नको. ठेवायच्या बारा तास आधीपासून खिडक्या बंद, आणि टेस्ट संपेपर्यंत बंदच. नेहमीचं येणं-जाणं चालेल. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा आणि त्याच दिवशी पोस्टात टाका. रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो. डबी आठवडाभर गाडीत पडली तर प्रयोगशाळेने मोजायचं काय?

आकडा ४ किंवा वर आला तर दुसरी टेस्ट करा. ८च्या पुढे असेल तर लगेच, छोट्या मुदतीचीच. ४ ते ८च्या मधे असेल तर अल्फा-ट्रॅक नावाच्या लांब मुदतीच्या किटची, तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतची टेस्ट खरं सरासरी चित्र देते. २ आणि ४च्या मध्ये असाल तरी विचार करा, असं ईपीए सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी तर आपल्या भाषेत २.७च्या आसपास येते. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर थांबूच नका. ४ पिकोक्युरीच्या हवेत आयुष्य काढलेल्या १,००० धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, कधीच न ओढणाऱ्यांत ७ जणांना.

कमी करणं. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही, नवीन पडतात. खिडकी उघडी ठेवणं जानेवारीत जमणार नाही. चालतं ते हे : स्लॅबला भोक पाडून तीन-चार इंचांचा पीव्हीसी पाइप खालच्या खडीत उतरवायचा, माळ्यावर किंवा घराबाहेर पंखा बसवायचा आणि हवा छताच्या वर सोडायची. संप-पिटला हवाबंद झाकण. पंखा राहत्या जागेत कधीच नको. तो गळला तर रेडॉन खोलीतच यायचा. खर्च साधारण हजार ते अडीच हजार डॉलर, घराप्रमाणे. माणूस राज्याच्या पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र असलेलाच घ्या, ते विचारायला संकोच करू नका.

बसवल्यावर पंखा चालू करून चोवीस तास जाऊ द्या आणि महिन्याच्या आत पुन्हा मोजा. बसवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने मोजलेलं उत्तम. मग दर दोन वर्षांनी, हिवाळ्यात. पाइपवर यू आकाराची रंगीत पाण्यासारखी नळी असते, तिच्याकडे कपडे धुवायला खाली गेलात की बघत जा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर पंखा ओढत नाहीये. बंद पडलेले पंखे मी बरेच पाहिलेत, आणि घरातल्या कुणाला पत्ता नसतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी, तळमजल्यावर असाल तर, किट स्वतः आणा आणि निकाल घरमालकाला लेखी पाठवा.

आणखी एक. बेसमेंट फिनिश करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी फरशी आणि ड्रायवॉल टाकण्याआधी मोजा. भोक पाडायला, पाइप न्यायला तेव्हा भिंती उघड्या असतात. नंतर तोच पाइप सजवलेल्या भिंतीमागून न्यायचा म्हणजे काम दुप्पट. या हिवाळ्यात कुणाचं काम निघत असेल तर कंत्राटदाराला तारीख देण्याआधी मला फोन करा.